कपाटातला पाय

प्लास्टरची नवी पट्टी आली होती. पाण्यात बुडवून पायावर गुंडाळली की बघता बघता घट्ट होते, असे विकणारा सांगून गेला होता. पण विकणाऱ्याच्या शब्दावर माणसांचे पाय सोपवण्याची रीत त्या कार्यशाळेत नव्हती. तिथे कृत्रिम पाय तयार होत. कापून उरलेल्या पायाचा आधी प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यावरून वाटी करायची, वाटीखाली नळी, नळीखाली पाऊल आणि शेवटी पट्टे. पट्टे शिवणारा चामडेवाला हा तिथला हक्काचा विदूषक. "आधी घरच्या तंगडीवर करून बघू," तो म्हणाला. "मास्तर, तुमचीच द्या. माझ्या पायावर केसांचं रान आहे, पट्टी काढताना जीव जाईल." सगळे हसले. साचे घेणारा मास्तरही हसला आणि एरवी पेशंट बसत त्या स्टुलावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसला. चामडेवाल्याने बादली ओढली, पट्टी बुडवली, एक गुडघा टेकला आणि त्याची टाच तळहातावर घेतली. पुढचे मास्तरला कळलेच नाही. पाय आपोआप मागे खेचला गेला आणि तसाच सुटून बादलीवर आदळला. दुधासारखे पांढरे पाणी फरशीभर झाले. "अहो, मी काय विंचू आहे का?" भिजलेल्या बाह्या झटकत चामडेवाला म्हणाला. "जन्मभर लोकांच्या पायाशी बसलात, आणि तुमच्या पायाला कुणी हात लावला की लाथ?" मास्तर म्हणाला, "गुदगुल्या होतात," आणि कुणी पुढे यायच्या आत त्याने फडके उचलून गुडघ्यांवर बसून फरशी पुसायला घेतली. खाली बसल्यावर त्याला बरे वाटले.

गुदगुल्या झाल्या नव्हत्या, हे त्याला पक्के ठाऊक होते. फडके पिळताना तो त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा जाऊन आला. टाचेला दुसऱ्याच्या तळहाताची ऊब लागली होती आणि त्याच क्षणी, कुणीतरी अंधारात दार उघडावे आणि आत आपण काय करतो आहोत ते दिसावे, तसे काहीतरी झाले होते. त्या स्टुलावर तो पहिल्यांदाच बसला होता. तिथून जग वेगळे दिसते, हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानात आले नव्हते. खालून बघणाऱ्याला पाय दिसतो: त्याचा वाक, त्यावरचे वळ, कातडीचा रंग, काय दुखते, काय लपवले जाते आहे ते सगळे. वर बसलेल्याला मात्र फक्त समोरच्याच्या डोक्याचा मधला भाग दिसतो आणि करण्यासारखे काहीच नसते. हात मांडीवर ठेवून बसायचे. पेशंट उगाच बोलत सुटतात, हवेबद्दल, रस्त्यांबद्दल, जावयाबद्दल, ते का, हे त्याला आज उमगले. ते स्वतःला झाकत असतात.

कार्यशाळेत तो मास्तर असला तरी घरी, नात्यात आणि चर्चमध्ये तो धाकटा होता. केस पिकले, चष्मा जाड झाला, तरी धाकटाच. कारण थोरला जिवंत होता. आणि आज गुरुवार होता, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदला. आज दुपारनंतर चर्चमध्ये पाय धुण्याची उपासना होती. त्यांच्या मंडळीत तिची एक खास पद्धत होती. चर्चचे पाळक पहिल्या खुर्चीवरच्या माणसाचे पाय धूत. मग ज्याचे धुतले त्याने उठायचे, गुडघे टेकायचे आणि शेजारच्याचे धुवायचे. त्याने त्याच्या शेजारच्याचे. असे ओळीने शेवटपर्यंत. निवड करायची मुभा नव्हती. एका बाजूचा शेजारी तुमच्या वाट्याला, आणि दुसऱ्या बाजूच्याच्या वाट्याला तुम्ही. त्यामुळे बसताना लोक जरा बघूनच बसत आणि पाळक ते बघून गालात हसत. धाकटा मात्र कधी ओळीत बसला नव्हता. पाणी तापवायचे काम त्याचे होते. मागच्या खोलीत स्टोव्हवर पातेली चढवायची, कोपर बुडवून ऊब बघायची, घागरी भरून न्यायच्या, गार झालेले पाणी बदलायचे, टॉवेल पुरवायचे. उपासना संपेपर्यंत तो घामाने निथळलेला असे आणि म्हाताऱ्या बायका त्याच्या गालावर हात फिरवून म्हणत, "खरा सेवक रे बाबा तू." यंदा मंडळीने भिंतीवर गीझर बसवला होता. नळ फिरवला की पाणी.

"आता काय निमित्त काढाल?" वाटेत बायकोने विचारले. दोघे चर्चकडे पायीच निघाले होते. ऊन कललेले होते, दुकाने अजून उघडी होती.

"निमित्त कसलं? काम होतं, करत होतो."

"तेच म्हणते मी. तुम्हाला काम नसलं की तुमचं तोंड बघवत नाही. मागच्या खोलीत जाऊन गीझरकडे बघत उभे राहू नका म्हणजे झालं."

"टॉवेल कोण देणार?"

"टॉवेल स्वतःच्या पायांनी येत नसतील तर मी आणेन. तुम्ही भावजींच्या शेजारी बसा, मी तुमच्या शेजारी. पळालात तर माझ्यावरून उडी मारावी लागेल, आणि ते तुमच्याच्यानं होणार नाही."

त्याला हसू आले, पण तोवर चर्च आले होते. थोरला फाटकापाशी उभा होता. मागच्या वर्षी नोकरीतून मोकळा झाल्यावर, वहिनी गेल्यानंतरचे रिकामे घर सोडून तो या शहरात परतला होता आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहत होता. दर रविवारी तो धाकट्याकडे जेवायला येई. जेवण झाले की पाण्याचा पेला खाली ठेवून हमखास म्हणे, "बाबांचं सगळं तू केलंस. मी काय केलं? काही नाही." आणि धाकटा दर वेळी मान हलवून म्हणे, "असू दे, दादा." असू दे! जणू तोच थोरल्याला काही माफ करत होता. आज थोरल्याने जुनी चप्पल घातली होती, सहज निघेल अशी. "ये," तो म्हणाला. "मी पाय घासून आलोय. लोकांना लाज नको."

ओळीत बसल्यावर धाकट्याला मागच्या खोलीतल्या पाण्याचा आवाज ऐकू येत राहिला, आणि त्या आवाजाबरोबर बाबा आले. त्यांना तो बोलावत नसे. ते येत तेव्हा खुर्चीत बसलेलेच येत. बाबा शिंपी होते. आयुष्यभर पायाने मशीन चालवले आणि शेवटी साखरेच्या आजाराने तोच पाय घेतला. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचे सगळे. थोरला तेव्हा दुसऱ्या शहरात होता. बापलेकांचे कशावरून तरी बिनसले होते. कशावरून, ते पुढे दोघांनाही धड सांगता येत नसे. घरी धाकटा होता. जखम त्याने धुतली, पट्ट्या त्याने बदलल्या, अंघोळी त्याने घातल्या, रात्री हाक आली की तोच उठला. बाबा आभार मानत, आशीर्वाद देत, पण हसत नसत. मग एके दिवशी थोरल्याचा फोन आला. झाले गेले विसरू, तो म्हणाला, माझ्याकडे जिना आहे, बाबा जिना चढण्यापुरते झाले की मी येतो आणि घेऊन जातो. फोन ठेवल्यावर बाबा हसले. दात नसलेले तोंड उघडे टाकून, लहान पोरासारखे हसले. "माझा पाय कधी होतोय रे?" त्यांनी विचारले. ते हसू धाकट्याने बघितले. इतकी वर्षे त्याच्या हातांना जे जमले नव्हते ते एका फोनने झाले होते.

धाकट्याने कार्यशाळेत बाबांसाठी केलेला पाय पहिल्याच ट्रायलला बसला. हातून असे काम क्वचित होते. वाटी अशी लागली होती की उरलेला पाय आणि ती जणू एकत्रच वाढली असावीत. बाबा दोन दांड्यांच्या मध्ये उभे राहिले, दोन पावले टाकली, म्हणाले, "अरे वा." धाकटा त्यांच्या पायाशी बसलेला होता. त्याने वाटीच्या काठावरून बोट फिरवले आणि त्याच्या तोंडून वाक्य निघाले, "थोडं घासायला हवं." ते त्याने ठरवले नव्हते. ते आधीच तिथे होते. बाबा म्हणाले, "मला तर कुठं लागत नाही." तो म्हणाला, "आता नाही लागणार. चालल्यावर लागेल." बाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितले आणि ते पुन्हा खुर्चीत बसले. पाय कपाटात गेला. पुढच्या आठवड्यात सूज असल्याचे निघाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात वाटीची खालची बाजू. सगळे घरी गेले की तो कपाट उघडी, पाय मांडीवर घेई, कानस हातात धरी आणि घासायला जागा शोधी. जागा नसे. मग तो पाय पुन्हा आत ठेवी आणि कपाटाचे दार हलकेच लावी, आत कुणी झोपलेले असावे तसे. बाहेर लोक म्हणत, बापाच्या पायासाठी बघा कसा जीव टाकतोय, मनासारखा झाल्याशिवाय देणार नाही. पाळकांनी तर एका रविवारी प्रार्थनेत त्याचा दाखला दिला. बाबा रोज विचारत, झाला का, आणि तो अजून थोडं म्हणाला की मान डोलवत, "होऊ दे सावकाश. घाई नाही." एका दुपारी खुर्चीतच त्यांची मान कलली. पाय कपाटात उभा होता. नळी आणि पाऊल पुढे दुसऱ्या कुणाला लागले. वाटी मात्र दुसऱ्या कुणाला होत नसते. ती त्याने स्वतः फोडली.

या गोष्टीला त्याने कधी नाव दिले नव्हते. पापाविषयी त्याला पुष्कळ माहिती होती. लहानपणापासून तो दर रविवारी सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून सांगत आला होता की आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केले आहे. सगळ्यांबरोबर पापी असणे सोपे असते. पावसात सगळेच भिजतात, त्यात एकट्याने लाजायचे कशाला. तारण म्हणजे काय हेही त्याला सांगता आले असते. येशू वधस्तंभावर मेला, आपले पाप त्याने वाहिले, आता कृतज्ञतेने त्याच्यामागे चालायचे. आणि त्याच्यामागे चालायचे म्हणजे गुडघे टेकायचे, लोकांचे पाय हाती घ्यायचे. ते तर तो रोज करत होता. त्याचा पोटापाण्याचा धंदाच तो होता. मग सकाळी पाय का उडाला? ओळ सरकत होती. पुढच्या खुर्च्यांवरून पाण्याचे आवाज, कुणाचे तरी दबके हसू, कुणाचे नाक ओढणे ऐकू येत होते. त्याला दिसले की आपण गुडघे टेकले ते वर कुणी बघू नये म्हणून. खाली बसलेल्या माणसाला कुणी खाली बघत नाही. नम्रतेच्या या उंच जागेवर तो इतकी वर्षे सुखरूप बसला होता.

पाळक उभे राहून बोलत होते. त्यांचे बोलणे नेहमी थोडके असे, आणि आजही त्यांनी फार काही सांगितले नाही. त्या रात्री जेवणावरून उठून येशूने कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. त्यांतल्या पेत्राने पाय मागे घेतला, हेही. "पण मी दर वर्षी एका गोष्टीपाशी अडतो," पाळक म्हणाले. "येशूला धरून देणारा यहूदा अजून उठून गेला नव्हता. तोही ओळीत होता. त्याच्या मनात काय आहे ते येशूला ठाऊक होतं. आणि पाणी त्याच्यापाशीही आलं." एवढे बोलून ते थांबले आणि गीत सुरू झाले.

धाकट्याने ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती आणि एकदाही त्याच्या डोळ्यांना तो पाय दिसला नव्हता. आता दिसला. त्याला पाय दिसतातच. वाटेच्या धुळीने भरलेला, भेगा पडलेला, बोटांत माती बसलेला यहूदाचा पाय. आणि त्याखाली एक तळहात. विटंबना नाही, दटावणी नाही, घाईही नाही. ज्याने डोंगर बसवले आणि समुद्राला काठ घातला त्याचा तळहात, आणि त्यावर टाच, जी थोड्या वेळाने उठून त्याला धरून द्यायला चालत जाणार आहे. आणि तो ती धुतो आहे. अंगठ्याजवळची फट, घोट्यामागची खळगी, धाकट्याला ठाऊक असलेल्या सगळ्या जागा, एकही न वगळता. धाकट्याच्या मानेवर काटा उभा राहिला. तो आजवर ज्याच्यामागे चालतो म्हणत होता तो पुढे नव्हताच. तो खाली बसला होता, ओळीने येत होता, आणि धाकट्याचाही पाय मागत होता. खांबांमध्ये एवढी उंची आहे हे त्याला आज पहिल्यांदा जाणवले. छतापर्यंत सगळी जागा भरलेली वाटली, श्वासही जपून घ्यावा अशी.

शेजारी थोरल्याचे पाय धुऊन झाले. एका पोक्त नर्सने ते धुतले होते आणि पुसताना म्हणाली होती, "नखं कापत जा हो." थोरला उठला, अनवाणी पावलांवर वळला आणि खुर्चीच्या काठाला धरून हळूहळू खाली बसू लागला. "वंगण संपलंय," तो पुटपुटला. एक गुडघा टेकला, मग दुसरा. धाकट्याच्या मनात आले, आता उठावे, म्हणावे, दादा, तू राहू दे, तुझे गुडघे दुखतात, मी करतो. अगदी मायेचे वाक्य. तेही आधीच तिथे होते, "थोडं घासायला हवं" या वाक्यासारखेच, आणि त्याने ते ओळखले. तो बसून राहिला. थोरल्याने त्याची टाच उचलली. पाय थरथरला पण मागे आला नाही. पाणी चांगले कोमट होते. गीझरने काम बरे केले होते. समोर थोरल्याच्या डोक्याचा मधला भाग होता, विरळ, गुलाबी, लहान बाळाच्या टाळूसारखा.

"दादा," तो म्हणाला. गीताचा आवाज मोठा होता. "बाबांचा पाय तयार होता."

"हं."

"पहिल्याच ट्रायलला झाला होता. घासायचं काही नव्हतं. मी कपाटात ठेवला." त्याला वाटले होते की हे बोलताना आवाज फुटेल, पण आवाज कोरडा निघाला, पेशंटला माप सांगावे तसा. "तू न्यायला येशील म्हणून ठेवला. मी ठेवला, दादा. मुद्दाम."

थोरल्याचा हात थांबला नाही. बोटांच्या फटीतून पाणी फिरवत तो म्हणाला, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"बाबांनीच सांगितलं होतं. ट्रायल झाली त्याच आठवड्यात, फोनवर. म्हणाले, मी जन्मभर शिवणकाम केलं, कपडा कधी होतो ते मला कळतं. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून काज राहिलंय सांगणारे शिंपीही पाहिलेत. पाय झालाय, म्हणाले, पण पोराला तो देववत नाहीये. मी थांबतो जरा."

"आणि तू? तू यायचं होतंस. दरवाजा फोडून न्यायचं होतंस त्यांना."

"निघालो होतो की. पिशवी भरली होती. त्यांनीच अडवलं. म्हणाले, त्याला उघडा पाडून मला तुझा जिना चढायचा नाही." थोरल्याने टॉवेल घेतला, पाय पुसला, खाली ठेवला. "तुझा राग आला होता मला. खोटं कशाला बोलू? पुष्कळ वर्षं होता. इथं परत यायला एवढा वेळ काय उगाच लागला?"

"मग दर रविवारी म्हणायचास, तू सगळं केलंस..."

"केलंसच की. जखम कोण धूत होतं? मी? तेही खरं आणि हेही खरं." त्याने वर बघितले. डोळे ओले होते, पण चेहरा वैतागलेला होता, कामात कुणी खोळंबा केला की व्हायचा तसा. "दुसरा पाय दे. पाणी गार होतंय, मागं माणसं बसलीत."

होऊ दे सावकाश. घाई नाही. धाकट्याला ते शब्द ऐकू आले. इतकी वर्षे तो ते म्हाताऱ्याचे भाबडेपण समजत होता. आता त्याला ती खुर्ची दिसली आणि तीत बसलेला माणूस दिसला, ज्याला सगळे कळत होते. ज्याने रोज सकाळी, कळत असताना, मुलाच्या हातून चहा घेतला, मुलाच्या खांद्याला धरून अंघोळीची खोली गाठली, झाला का म्हणून विचारले आणि अजून थोडं हे उत्तर कुरकुर न करता पदरात घेतले. ती रोजची विचारणा तगादा नव्हती. बाप रोज मुलासाठी दार उघडे करून ठेवत होता. थोरल्याच्या जिन्याची आस सोडून तो मुलाच्या बंद कपाटापाशी बसून राहिला होता, मरेपर्यंत. आणि थोरला रविवारमागून रविवार, कळत असताना, त्याच्या ताटाशी बसला होता. आपण लपलो आहोत असे जिथे जिथे त्याला वाटले होते तिथे तिथे कुणीतरी आधीपासून बसलेले होते, दिवा न लावता, आणि त्याच्याकडे प्रेमाने बघत होते. हे एवढे मोठे होते की ते कुठे ठेवावे ते त्याला कळेना. रडावे असेही वाटले नाही. त्याने फक्त खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. शेजारी बायकोने आपल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या होत्या आणि ती सरळ समोर बघत होती. तिने काही ऐकले असेल की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून समजत नव्हते.

त्याने दुसरा पाय पुढे केला. थोरल्याने तळहात खाली धरला आणि तो थांबला.

"सोड ना," तो म्हणाला.

"सोडलाय."

"कुठं? तूच उचलून धरलायस. मांडी बघ कशी ताठ झालीय." थोरल्याने त्याच्या पोटरीवर हलकेच चापट मारली. "सोड. मी धरलाय."

धाकट्याने पाय सोडला. तो केवढा जड होता, ते थोरल्याच्या खाली गेलेल्या हातांवरून कळले.